सातव्या टोपलीचं तळं

३ मार्च, सोमवार
स्पर्धा माझ्या गळ्यात पडली. मंडळाच्या बैठकीत एकमताने! एकमताने म्हणजे बाकी कुणालाच नको होती. साठ खेळाडू, अठरा टोपल्या, स्वच्छतागृह एक आणि त्याची किल्ली माळ्याच्या खिशात. डिस्क गोल्फ म्हणजे काय, तर तबकडी भिरकावायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. एवढ्यासाठी नियमांची चाळीस पानं. मी पाठ केली. कुणीतरी करायलाच हवी.

७ मार्च
बाग फिरून आले. सातव्या टोपलीसाठी फेक तळ्याच्या अलीकडून असते. बंद! यंदा पलीकडूनच फेकायचं. एका फेकीत तळं आजवर कुणी ओलांडलेलं नाही. तबकड्या बुडतात, खेळाडू गुडघाभर गाळात उतरतात, मागचे खोळंबतात.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मी ओलांडलंय."
झालं सुरू! सोळा वर्षांपूर्वी, सकाळी, एकटे. साक्षीदार एक बदक.
"मग तबकडी कुठेय?" माझा प्रश्नही सोळा वर्षांचाच.
"पलीकडे झाडीत गेली. सापडली नाही."
"तळाशी गाळ खात बसली असेल," मी म्हटलं. हे वाक्य आणि ते बदक मी चारचौघांत किती वेळा वापरलंय! हशा हमखास.

१२ मार्च
ह्यांच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. नेमकी स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी. पुढे तबकडी फेकणं कायमचं बंद. "कप उचलता आला तरी खूप," डॉक्टर म्हणाले. रुग्णाला धीर देण्याची काय ही हातोटी!
परतताना हे म्हणाले, "उद्घाटनाची फेक मी करू? सातव्यावर, जुन्या जागेवरून. शेवटची."
साठ जणांसमोर हे तबकडी बुडवणार आणि मी टाळ्या वाजवायच्या? नियमात बसत नाही, म्हटलं.
"कितव्या पानावर?"
"माझ्या."

१५ मार्च
अबोला. घर छान शांत आहे. कामं उरकतात.

१९ मार्च
स्वयंसेवक बारा, त्यांतले आठ "बघतो" म्हणणारे. नणंदेचा फोन. "वहिनी, एक फेक दिली असतीस तर काय तळं आटलं असतं?" स्पर्धेसाठी हिने आजवर एक दोरी बांधलेली नाही.

२३ मार्च, रविवार
पार पडली. वारा सुटला, निशाणं उडाली, विजेत्याने भाषण केलं. वाऱ्याचा त्रास कमी होता. हे टेबलापाशी बसून गुणपत्रिकांच्या बेरजा करत होते. एकही चुकली नाही. खजिनदार येऊन म्हणाला, "काय काका, आज नाही का बदकाला बोलावलंत?" सगळे हसले. विनोद माझाच, फुकटात वापरला. हे हसले आणि पुढची पत्रिका ओढली. मला हसू आलं नाही. का कोण जाणे.
संध्याकाळी दोऱ्या गोळा करायला एकटीच गेले. स्वयंसेवक अर्थातच "बघत" होते. तळ्यापलीकडे, टोपलीच्या मागच्या झाडीत, दोन फांद्यांच्या बेचक्यात काहीतरी अडकलेलं. विटकी केशरी तबकडी. झाडाची साल तिच्या कडेवर चढलेली. काठीने उचकटून काढली. मागे कर्कटकाने कोरलेलं ह्यांचं नाव, आमच्या घरचा जुना फोन नंबर आणि घेतल्याची तारीख. हे घरातल्या बल्बवरसुद्धा तारीख घालतात.
सोळा वर्षांपूर्वीची.
पाण्यापासून झाडापर्यंत पावलं मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच.
तबकडी पदराखाली लपवून घरी आणली. चोरासारखी!

२४ मार्च
दवाखान्यात नऊला पोचायचंय. सहालाच ह्यांना हलवून उठवलं. चहाच्या ट्रेमध्ये कपाशेजारी तबकडी ठेवली होती. बराच वेळ हे तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "कुठे होती?"
"बूट घाला," म्हटलं. "बदकाच्या जागी आज मी उभी राहते."