खुर्चीवरची उशी

मंगळवार संध्याकाळ, सदाशिव पेठ

माझ्या खुर्चीला बांधलेली ती फुलाफुलांची उशी कुणाची, ते आज कळलं. मॅनेजमेंट सायन्स शिकून मिळालेली ही पहिली नोकरी. काम एकच: कुठल्या विभागात माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत, ते गणिताने शोधायचं. आधी सानेबाई करायच्या.

"त्या का गेल्या?" मी सरांना विचारलं.

"अहो, फार चोख काम. शेवटी स्वतःचाच विभाग तपासला."

सर हसले. मला हसता आलं नाही.

निघताना म्हणाले, "कारखाना तपासून झाला ना? उद्यापासून आपला विभाग घ्या."

आपल्या विभागात आहे कोण? सर आणि मी.

उशी न्यायलासुद्धा बाई थांबल्या नाहीत?

आत्ताच अकोल्याहून आईचा फोन. "तुझ्या खुर्चीसाठी उशी शिवून राहिली मी. रंग कोणता घेऊ?"