मामांनी वाटलेला पत्ता

ठाणे, कार्तिक शुद्ध षष्ठी, शके १८०९

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा प्रभाकर याचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? कमळामामींचा गुडघा थंडीने कुरकुरत नाही ना? इकडे सर्व कुशल आहे असे लिहिण्याची रीत आहे. पण आमच्या घरी सध्या इतकी माणसे उतरली आहेत की कुशलाला टेकायला जागा नाही.

ही माणसे तुम्ही पाठवलेली आहेत. कल्याण तालुक्यात ज्याला म्हणून ठाण्याच्या कोर्टाची तारीख लागते, त्याला तुम्ही मला न विचारता माझा पत्ता देता. (नुसता पत्ता नव्हे! तळ्याच्या पलीकडे, पिंपळाला वळसा घालून, हिरव्या खिडक्यांचे घर. कडी वाजवू नका, ढकलले की दार उघडते. अळूची भाजी मागा, सूनबाईंच्या हाताला चव आहे.) आणि वर म्हणता, ‘आपलंच घर समजा.’ मामा, कोर्टात निघालेल्या माणसाला असे वाक्य कधी बोलू नये. तो खरेच तसे समजतो.

परवा स्त्रीशिक्षणावर व्याख्यान देऊन, घसा बसवून घरी आलो, तो ओटीवर आंबिवलीचा काळुराम आणि त्याचाच शेजारी दौलत. दोघांचा एकमेकांशी शेताच्या बांधावरून दावा. वादीला पत्ता तुम्ही दिलात आणि प्रतिवादीलाही तुम्हीच! ओटीच्या मधोमध त्यांनी कोळशाने रेघ ओढली होती, आणि एकाची पाठ वळली की दुसरा ती पुसून थोडी पलीकडे ओढत होता. काळुराम गरजला, “सकाळपासून मी इथंच निजतोय. वहिवाट माझी हाय!” दौलत म्हणाला, “मामांनी घर मला आधी सांगितलंय. गावात कुनालाबी इचार!” (म्हणजे गावात सर्वांना ठाऊक आहे.) मी पायरीवर उभा. काळुरामाने मला न्याहाळले आणि मोठ्या आपुलकीने विचारले, “तुमची तारीख कंदी हाय, दादा?” मी तोंड उघडणार तोच दौलत जरा सरकून म्हणाला, “या, बसा. आपलंच घर समजा.” माझ्याच ओटीचा दावा चालला होता, आणि त्यात मी पक्षकारसुद्धा नव्हतो.

तेव्हा मी बोललो. बसलेला घसा आपोआप उठला. माणसाचा पत्ता त्याच्या अंगरख्यासारखा असतो, मालकाला न विचारता तो कोणी तिऱ्हाइताच्या अंगात घालू नये, असे मी ठणकावून सांगितले. (हक्कांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ वाचले, पण पत्त्यावर कोणी ओळ लिहिलेली नाही. ते काम आता मलाच करावे लागणार.) दोघे माना डोलावत ऐकत होते. मला वाटले, प्रकाश पडला. काळुराम म्हणाला, “बेस बोलता. आमचं वकीलपत्र घ्याल का?” त्यावर दौलत उसळला, “मी इचारनारच व्हतो! तू मधीच घुसलास!” आणि रेघ पुन्हा सरकली.

तुमची सूनबाई उत्तरा आतून सारे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “बाहेर स्त्रियांच्या शिक्षणावर बोलता. मी पहिला धडा शिकले आहे. आणखी एक पाहुणा आला, की मी पनवेलला माहेरी निघाले.” मामा, ती बोलते ते करते; हा गुण आमच्या घरात तिच्यापाशीच आहे. तिचे बोचके माजघरात बांधून ठेवलेले आहे. ते सोडायचे की उचलायचे, हे आता केवळ तुमच्या जिभेवर अवलंबून आहे. हात जोडून मागतो: माझा पत्ता मला परत द्या. कोणी विचारलेच, तर भाचा कोठे राहतो ते आठवत नाही म्हणा. तुमच्या वयाला ते शोभेल.

तुमचा आज्ञाधारक,
प्रभाकर

ता. क. उत्तर टपालानेच पाठवावे. कोणाच्या हाती देऊ नये. पत्र घेऊन येणारा जेवल्याशिवाय जात नाही, आणि जेवला की तारीख लागेपर्यंत राहतो.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या पंधरवड्यात नाशिकला माझे व्याख्यान ठरले आहे. विषय: ‘पत्ता, व्यक्तीचे पवित्र स्वत्व’. मुक्काम आठवडाभर. उत्तराही बरोबर येईल म्हणते, तिला विश्रांती हवी आहे. तिकडे आमच्या ओळखीचे कोणी नाही. तुमच्या माहितीत एखादे भले कुटुंब असेल तर त्यांचा पत्ता उलट टपाली कळवावा. त्यांना आधी विचारत बसू नये. विचारले की माणसे नाही म्हणतात.