कणगीवरचा पंजा

धनी,

साखऱ्याहून सांगावा आला, माझी भावजय बाळंत झाली. तुमी शेतात होता, म्हून विचारायला थांबले न्हाई. भाकरी शिंक्यात हाय. म्हशीला पाणी दावलंय.

जवारीच्या कणगीचं तोंड म्या फोडलं. कोणी उघडली तर कळावं म्हून लिंपणावर माझा पंजा उमटवला होता. काल पाहिलं तर तो गेलेला, अन् त्या जागी मोठा पंजा. आधी चोर वाटला. मग एक बोट आखूड दिसलं, तवा तुमाला वळखलं. मी माहेरी जवारी धाडते, ह्योच वहीम ना?

वरीसभर तुमी निजामाशी लढायला सरहद्दीपल्याड कॅम्पात होता. "गड्यावानी घर राख," आसं तुमीच सांगून गेला. रझाकारांच्या धाकात ती कणगी ह्याच पंज्यानं राखली. आता तुमी आला, तर बाईनं कणगीला हात लावू न्हाई, अन् भाकरी मातर वेळेवर पाह्यजे. ती कशाची करू?

बाळंतिणीकडं रिकामीच चालले. खरं वाटत नसंल तर वेशीत बसणाऱ्या खाजा मियांना विचारा. जाताना त्यांना दोनी हात दावूनच जाते, कारण तुमी विचारणार हे मला ठावं हाय.

कणगी फिरून लिंपली. माझा पंजा उमटवला, अन् शेजारी तुमच्या पंज्याला जागा सोडली. लिंपण ओलं हाय तवर उमटवा. माझा पुसला, तर मला न्यायला येऊ नका.

मनकर्णा