चोपदारीची काठी आणि घरगुती राख

रविवार, २९ जानेवारी २०२३. दुपारी १ वाजून १० मिनिटे. सेंट बोटॉल्फ चर्चच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या कपांवर देखरेख करीत.

वार्षिक सभा आटोपली. दोनशे जणांची बाकडी, तीस माणसे, आणि सगळी मागच्या चार रांगांत. जणू पुढच्या बाकांना ओला रंग लावून ठेवला आहे. तासभर चर्चा झाली ती देवावर नव्हे. कॉफीबरोबर चीज ठेवावे की नाही, यावर. निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. असल्या लोकांच्या हाती व्हरमाँटमधला एपिस्कोपल धर्म सुरक्षित आहे म्हणे. (एपिस्कोपल हे विशेषण. माणसाला एपिस्कोपलियन म्हणायचे. हे मी इथे जन्मलेल्यांना सांगतो. मी या मंडळीत येऊन फक्त दोन वर्षे झाली.)

मुद्द्याचे: म्हातारे चोपदार मिस्टर गॅनट ऑक्टोबरात वारले. तेव्हापासून चोपदाराची काठी छत्र्यांच्या पिंपात पडली आहे. चांदीच्या मुठीची काठी! काळा झगा घालून मिरवणुकीत सर्वांच्या पुढे, आमच्या धर्मगुरू मदर फिलिपांच्याही पुढे चालायचे. २६ फेब्रुवारीला बिशप येणार आहेत. मदर म्हणाल्या, तोवर चोपदार नेमू, कोण मनापासून काम करतो ते दिसेलच. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी दाराशी उभा होतो. दाराकडेही पाहिले असेल, पण ती शक्यता कमी.

प्रतिस्पर्धी एकच. क्लीट हबर्ट, निवृत्त पोस्टमन. प्रवचनात घोरतो. झगा त्याच्या मापाचा आहे, एवढेच त्याचे कर्तृत्व.

मंगळवार, ३१ जानेवारी. दुकानात, गिऱ्हाईक नसताना.

संकल्प: १. रोज आरशासमोर सावकाश चालण्याचा सराव. २. काळे बूट घेणे. ३. क्लीटबद्दल वाईट न बोलणे, लोकांना आपोआप दिसेल. ४. मंडळीला काहीतरी भव्य देणे.

चौथ्यावर विचार चालू. रंगाचा डबा सांडला. मालक ओरडला. उथळ माणूस.

रविवार, ५ फेब्रुवारी.

सापडले! राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावायची राख हे लोक पाकिटातून मागवतात. टपालाने! जुनी रीत अशी की गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या परत आणायच्या, जाळायच्या आणि तीच राख लावायची. मी कॉफीच्या वेळी जाहीर केले की यंदा राख मी करणार.

वेदीची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ट्विचेल (वय ऐंशीच्या पुढे, सगळ्यांवर हुकूम) म्हणाल्या, "अरे पोरा, तयार राख घरपोच येते. कशाला हात काळे करतोस?" क्लीट म्हणाला, "करू दे की हो! पेटलंच काही, तर समोर बॅप्टिस्टांच्या चर्चात बाप्तिस्म्याचं पाणी मुबलक आहे. अख्खा माणूस बुडेल एवढं." सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण उशिरा, म्हणजे मला ते आवडले नाही हे कळावे.

मदर फिलिपा म्हणाल्या, छान कल्पना आहे ऑरिन, फक्त कॉन्स्टन्सना विचारून कर. कॉन्स्टन्स म्हणजे मिसेस ट्विचेल. विचारून! रंगाच्या दुकानात तीन वर्षे मिसळण्याचेच काम करणाऱ्याला! शिवाय मी कॉलेजात रसायनशास्त्र सात आठवडे शिकलो आहे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी.

झावळ्या गोळा केल्या. आरशामागे, गाडीच्या डिकीत, एका घरी तर फ्रीजखाली. हीच यांची श्रद्धा. क्लीटची झावळी त्याच्या कुत्र्याने अर्धी खाल्ली होती. उरलेली देताना म्हणतो, "घ्या चोपदार. ओली आहे, जपून." टोमणा होता की मान, ठरवता आले नाही. मान धरतो.

रविवार, १२ फेब्रुवारी.

चर्चच्या मागे मोठ्या पातेल्यात जाळल्या. धूर अपेक्षेपेक्षा जास्त. समोरचे बॅप्टिस्ट पाद्री आग विझवायचे नळकांडे घेऊन धावत आले. "सगळं ठीक आहे ना, भाऊ?" मी म्हणालो, विधी चालू आहे. ते टोपी काढून उभे राहिले. त्यांना शिष्टाचार आहे, आमच्यात तेवढाही नाही.

अडचण: राख जेमतेम दोन चमचे.

उपाय: माझ्या घरच्या चुलीत मॅपलच्या लाकडांची राख बादलीभर आहे. बारीक चाळून मिसळली. मॅपल हेही झाडच. देवाला फरक पडत असता तर त्याने व्हरमाँटमध्ये ताड लावले असते.

रविवार, १९ फेब्रुवारी.

मिसेस ट्विचेलनी गाठले. "राख झाली? बरं. ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब घाल, बस्स. पाणी अजिबात नाही हं. ऐकतोयस ना?" मी हो म्हणालो. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीत तेल लागते. आमच्या दुकानात तेलाचा रंग आता कोणी विचारतही नाही, जमाना पाण्याच्या रंगाचा आहे. पाण्याला वास नाही, डाग नाही. आणि साधे पाणी नव्हे, बाप्तिस्म्याच्या कुंडातले घेतले. यावर कोण काय बोलणार?

आजपासून भिजत ठेवले.

मंगळवार, २१ फेब्रुवारी.

मिश्रण लोण्यासारखे मऊ झाले आहे. बोटाला लावून पाहिले. किंचित चुणचुणते. पाकिटातल्या राखेत हे कधी जाणवले नव्हते. बरणीत भरून वर सुवाच्य अक्षरात नावाची चिठ्ठी लावली. चार वेळा शुद्धलेखन तपासले.

बूट आणले. चावतात.

बुधवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

दुपारची उपासना अभूतपूर्व झाली. मदर फिलिपा एकेकाच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढत होत्या. मी मुद्दाम जाड काढून घेतला. दहा मिनिटांत मंडळीच्या डोळ्यांत पाणी! गेल्या वर्षी कोणाच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. पश्चात्तापावरचे प्रवचन चालू होते आणि प्रत्येकाने कपाळ धरलेले. मिसेस ट्विचेल कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, आग झाली गं!" मदर बोलता बोलता अंगठा पाण्याच्या पेल्यात बुडवून उभ्या. मग अचानक शांती असो म्हणाल्या आणि सगळे स्वयंपाकघराकडे पळाले. नळाखाली डोकी घालण्यासाठी रांग. धक्काबुक्की. जे वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर येऊन बसले नाहीत, ते मोरीपाशी पहिले यायला भांडत होते.

माझेही कपाळ भाजते आहे. मनोबल उत्तम.

क्लीट आलाच नाही. दुपारी डुलकी लागली म्हणे. उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी! काठीचा प्रश्न मिटला असे समजतो.

गुरुवार, २३ फेब्रुवारी.

सबंध मंडळीच्या कपाळावर लालबुंद क्रूस उठले आहेत. धुऊन जात नाहीत.

मदर फिलिपा दुकानात आल्या. अंगठ्याला पट्टी. हळू आवाजात विचारले, यात घातलंस काय? मी म्हणालो, परंपरा. मग पाणी सांगितले. मग चुलीतली राख सांगितली. त्या म्हणाल्या, "ऑरिन, भिजवलेल्या लाकडाच्या राखेचं पाणी कातडी भाजतं. माझी आजी त्यातच चरबी उकळून साबण करायची. कढया घासायचा साबण."

रसायनशास्त्रात आम्ही साबणापर्यंत पोचलो नव्हतो. दोष अभ्यासक्रमाचा.

काठीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे नाही असेही म्हणाल्या नाहीत.

शनिवार, २५ फेब्रुवारी.

घरोघर जाऊन भाजल्यावरचे मलम वाटले. कोणी मागितले नव्हते. एका दाराआडून म्हातारा म्हणाला, "हे तू केलेलं नाही ना रे? विकतचं आहे ना?" कृतघ्न.

रविवार, २६ फेब्रुवारी.

साडेनऊला बूट घालून छत्र्यांच्या पिंपापाशी हजर होतो. पिंपात छत्र्याच. काठी क्लीटच्या हातात, झगाही त्याच्या अंगावर. मी मदरकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "बिशपपुढे एक तरी कपाळ धड दिसू दे, ऑरिन." म्हणजे झोपून राहिला म्हणून नेमणूक! क्लीट जांभई देत निघाला, तेही चुकीच्या पायावर. आणि झगा खरोखरच बरोबर बसला होता.

पुढचे याहून वाईट. बिशपनी वेदीवरून पाहिले, तर सगळी कपाळे लाल. (मंडळी आज पुढच्या बाकांवर बसली होती! मी मागे होतो, त्यांनी मला आडोसा केल्यासारखे.) बिशपनी विचारले, हे काय? मी उभा राहून सगळे समजावून सांगणार होतो, नावासकट. तेवढ्यात मिसेस ट्विचेल माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझे कोपर असे धरले की हात बधिर झाला. त्या म्हणाल्या, "आमच्या मंडळीची रीतच आहे, बिशपसाहेब. बुधवारची खूण आम्ही पुसत नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. क्लीटनेसुद्धा!

बिशपना गहिवरून आले. म्हणाले, असे दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

एकानेही माझे नाव घेतले नाही. राख माझी, पाणी माझे, मेहनत माझी, आणि श्रेय सगळ्या मंडळीने वाटून घेतले. बाहेर पडताना मिसेस ट्विचेल कानात म्हणाल्या, "गप्प बसलास, शहाणा पोरगा. चल, कॉफी घे. चीज ठेवलंय." वर पाठीवर थाप. काय निर्लज्जपणा.

सोमवार, २७ फेब्रुवारी. सकाळी ७ वाजता.

अंतिम निर्णय: सेंट बोटॉल्फ सोडायचे. बॅप्टिस्टांकडे जायचे. त्यांच्या पाटीवर शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, तिथे माझी गरज आहे.

जाण्यापूर्वी हिशेब चोख असावा.

खर्च: बूट ६४.९९. चाळणी ७.२५. झावळ्यांसाठी पेट्रोल १८. मलम, अकरा नळ्या, ९३.५०. एकूण १८३ डॉलर ७४ सेंट.

देणे: काल मदर फिलिपांनी वर्षाच्या देणगीच्या वायद्याचे कोरे कार्ड हातात दिले. तोंडावर परत करणार होतो. कॉफीच्या टेबलावर पेन होते. आठवड्याला दहा डॉलर लिहिले. क्लीट बारा देतो असे कळले. खोडून तेरा केले. डिसेंबरपर्यंत चव्वेचाळीस रविवार, ५७२ डॉलर. खिशात ४१.

पहिला हप्ता येत्या रविवारी. बॅप्टिस्टांचे पुढच्या वर्षी पाहू.