सकाळचं उघडं दार

कोमम, जानेवारीच्या मध्याआधी चार दिवस

चि. वेटिल्ला हिस फाबुल्लाआत्याचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, तर मीही खुशाल.

सिनेटने तुझ्या बाबांना सम्राट केल्याची बातमी आली, तेव्हा मी लोकर निवडत होते. आधी हसूच आलं. बदकांना भिऊन माझ्यामागे लपणारा आपियस बासष्टाव्या वर्षी सम्राट! मग हसू आटलं. वर्षभरात दोन सम्राट गेले, दोघेही स्वतःच्याच रक्षकांच्या हातून.

ऐकते की तो राजवाड्यात न जाता आपल्याच घरात राहतो, आणि रोज सकाळी आश्रितांच्या भेटीसाठी दार पूर्वीसारखंच सताड उघडं असतं. त्याला सांग, ताईने दार बंद करायला सांगितलंय. माझं तो कधीच ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझी, पण त्याच्यावर रागावलेली,
आत्या

रोम, फेब्रुवारी लागायला दहा दिवस

ती. आत्यास वेटिल्लाचा सा. न. वि. वि.

बाबा खूप हसले. म्हणाले, ताईला कळव, हल्ली मी बदकं खातो. दाराबद्दल मात्र ऐकेनात. दोनशे वर्षांत आपल्या कुणा पूर्वजाने सकाळी दार लावलं नाही; सम्राट झालो म्हणून माणसं हाकलू का, असं मलाच विचारलं.

रक्षकांच्या नायकाने दारात बारा शिपाई उभे केले होते. पाहुण्यांसमोर शस्त्र हा अपमान, म्हणून बाबांनी त्यांना गोड बोलून परत पाठवलं. नायकाने मान लववली, पण पुढे केलेला द्राक्षारस न घेताच गेला.

खरं सांगू? मला अभिमान वाटला. आपला म्हातारा चाकर हेर्मेरोस अजून बाबांच्या कानाशी उभा राहून येणाऱ्याचं नाव सांगतो, आणि बाबा प्रत्येकाच्या लेकरांची चौकशी करतात. काल एक धोबी त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला, तर त्यांनी हात मागे घेऊन त्यालाच मिठी मारली. सम्राटाने असंच असावं ना?

काळजी कमी करा, माया तेवढीच ठेवा.
वेटिल्ला

कोमम, फेब्रुवारीचा पहिला दिवस

चि. वेटिल्लास आशीर्वाद.

नायकाने पेला घेतला नाही, ही ओळ मी तीनदा वाचली. पोरी, जो धन्याचा पेला नाकारतो, तो स्वतःला त्याचा माणूस मानत नाही. इथल्या छावणीतही शिपायांनी आपियसच्या नावाने निष्ठेची शपथ अजून घेतलेली नाही. अधिकारी म्हणतात, घाई कसली.

हे पत्र आणणाऱ्या गाडीतच त्याला बसव. तो आजारी पडला म्हणून लोकांना सांग. चिडला तर चिडू दे. जिवंत माणूसच चिडतो.

वाट पाहणारी,
आत्या

रोम, फेब्रुवारीच्या मध्याआधी दोन दिवस

ती. आत्यास वेटिल्लाचा नमस्कार.

गाडी काल पोचली. त्याआधी तीन दिवस बाबा गेले.

सकाळच्या रांगेत अकराजण होते, सगळे पायघोळ टोगा पांघरलेले. हेर्मेरोसने तीन नावं सांगितली आणि चौथ्याला तो गप्प झाला. वयामुळे विसरला असेल, त्याला ओशाळं वाटू नये, म्हणून बाबांनी स्वतःच हात पुढे करून त्या माणसाला नाव विचारलं. तलवारी टोग्याखाली होत्या. हेर्मेरोस मध्ये पडला; तोही गेला.

दुपारी त्याच सिनेटने ठरवलं की बाबांचं नाव सगळ्या शिलांवरून खरवडावं आणि घरात कुणी रडू नये.

आज उजाडताना कारभाऱ्याने विचारलं, बाहेर चौदा माणसं उभी आहेत, काय करू? मी दार उघडायला लावलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. सर्वांत पुढे तो धोबी होता. नावं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपलं नाव आपणच सांगितलं, मोठ्याने. शेवटच्या दोघांनी सांगितलं नाही. ते खोल्या न्याहाळून निघून गेले.

तुमच्या गाडीतून हेर्मेरोसची बायको येत आहे. तिचे गुडघे दुखतात, तिला चुलीजवळची खोली द्या. मला येता येणार नाही. उद्या सकाळीही माणसं येतील.

आशीर्वाद असू द्या.
वेटिल्ला