बोगनवेलीचं पाणी

अरे, तू रात्रपाळी करून गाढ झोपलायस, म्हणून लिहून ठेवतेय. गॅलरीतल्या बोगनवेलीला पाणी घालू नकोस. नर्सरीवाले काका म्हणाले, तिचे फार लाड होतायत, म्हणून नुसती पानं येतात, फुलं नाहीत. मी त्यांच्याशी भांडून आले, कारण मी पाणी फक्त संध्याकाळी घालते आणि तेही बेतानं. आज सकाळी कुंडी ओली दिसली तेव्हा कळलं, पहाटे घरी आल्यावर तूही घालतोस. एका घरात राहून हे कळायला आपल्याला नर्सरीवाला लागला.

आता माती पार सुकेपर्यंत दोघांनीही हात लावायचा नाही. तहानली की ती फुलते म्हणे. माणसांचं तसं नसावं.

उद्या पहाटे आलास की चोरपावलांनी फिरू नकोस. मला उठव.