पाणमांजराचा गळा

४ मार्च, सोमवार

कॅमेऱ्याच्या दोन्ही लेन्स आल्या! दुकानदाराने दहा दिवस वापरून बघायला दिल्यात.

सर म्हणाले, किंमत मी बघतो, कोणती घ्यायची ते तू कारणांसकट लिहून दे. मग दारातून परत वळून — "मोजणीला बोटीवर तुलाच जायचंय असं धरून निवड." असं धरून. म्हणजे जायचंय की नाही? विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

दोन वर्षं या ऑफिसात मी दुसऱ्यांनी बघितलेल्या प्राण्यांच्या नोंदी वहीत उतरवतेय. तळ्यात पाणमांजरं किती आहेत हे अजून कुणाला नक्की माहीत नाही. प्रत्येकाच्या गळ्यावरचे पांढरे डाग वेगळे, तेवढीच ओळख. म्हणजे गळ्याचा फोटो हवा. आणि गळा दिसतो तो डोकं वर निघतं तेवढ्यापुरता — दोन श्वास, की परत पाणी.

एक लेन्स सहाशे मिलिमीटरची, पक्की. लांबचं अगदी पुढ्यात आणते, पण मागेपुढे होत नाही. पहाटेच्या उजेडातही भागतं. वजन तीन किलोच्या वर. दुसरीचं कडं फिरवलं की दीडशेपासून सहाशेपर्यंत हवं तिथे थांबता येतं. वजन दोन किलो, पण उजेड कमी घेते. आईने दोघींना पलंगावर शेजारी शेजारी ठेवलेलं बघितलं आणि बारसंच केलं — थोरली आणि धाकटी.

५ मार्च, मंगळवार

सहा वाजता घरामागच्या धक्क्यावर. बाबा ऑफिसचीच बोट वल्हवतात, घर काठाला आहे, म्हणून सरांनी तपासणी इथे करायला सांगितली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, वीस पावलं मोजली, ट्रायपॉड लावला, दोन्हींनी बारा-बारा फोटो. थोरलीने कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ टिपली. धाकटीची कडेला जरा पुसट. आई म्हणाली, पेपर वाचायला एवढं लांब कशाला जायचं.

मग पाणमांजरं. दीड तासात एकशे चार फोटो. पाठ. शेपूट. तरंग. पाठ.

वहिनी दोरीवर कपडे घालत होती. "ताई, तुम्ही डोकं शोधताय. बुडबुडे बघा ना." मी हो हो म्हटलं. बघितले नाहीत. वहिनी लहानपणी मेंढरांमागे फिरली, शाळा नाही. दादाशी लग्न होऊन आल्यावर मी तिला तिचं नाव लिहायला शिकवलं. तेवढंच येतं. तिने मला फोटो कसा काढायचा ते सांगावं!

६ मार्च, बुधवार

सरांनी साडेदहाला अचानक बोलावलं. कॅमेऱ्याला धाकटी लावलेली होती, तसाच बाबांच्या बोटीत ठेवून धावले. अकरा ते बारा सरांच्या टेबलासमोर, दोघांनी मिळून मोजणीचा नकाशा आखला. परत येताना रस्त्यात चालत नव्हतेच मी, जवळजवळ उड्या मारत होते.

तर धक्क्यावर वहिनी, आणि तिच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. बाबांचा डबा द्यायला आली होती. बाबाच म्हणाले, तिने नाही मागितला, मीच म्हटलं बघ जरा.

नुसत्या पट्ट्यावर! मी तीन दिवस दोन्ही हातांनी धरते, पट्ट्याचा भरवसा नाही म्हणून.

लेन्स पुसली. परत पुसली.

७ मार्च, गुरुवार

कार्ड बघितलं. वहिनीचे चौदा फोटो. तेरा वाया — आकाश, वल्ह्याचं टोक, बाबांचा कान.

चौदावा. पाणमांजर अगदी समोरून. मान उंच, तोंडात आडवा मासा, मिशीला लोंबकळणारा थेंब. गळ्यावरचे तीन डाग, डावीकडचा तुटका. कुणीही कधीही परत ओळखेल. वेळ ११.१०.

माझे आतापर्यंत दोनशे बारा.

बाबांना दाखवला. माझ्या फोटोंना बाबा नुसतं "हं" म्हणतात. याला तेही म्हणाले नाहीत. बघत राहिले, आणि मग वहिनीला हाक मारली. माझ्या एकाही फोटोसाठी बाबांनी आजवर कुणाला हाक मारलेली नाही.

वहिनी ओले हात पुसत आली. हसली. म्हणाली, माझं काय त्यात, यंत्राने काढला. चिडवायला म्हणाली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, शुक्रवार

शाळेत मी मत्सरावर निबंध लिहिला होता. चांगले मार्क मिळाले होते. पोटात असा बसतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

या घरात वाचता येणारी मी एकटी. दादाने पाचवीत शाळा सोडली, त्याला तर आता अक्षरं बघूनच झोप येते. औषधाच्या बाटलीवरचं, विजेच्या नोटिशीतलं, सगळं माझ्यासमोर येतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. ती माझी जागा. मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि ही डबा द्यायला येते काय —

नको. इथेही लिहायला नको.

१० मार्च, रविवार

वहिनीच्या हातात थोरली दिली. स्वतःहून. म्हटलं, ही पण बघ ना.

तिचं डावं मनगट लहानपणी मोडून वाकडं जुळलंय. अर्धा मिनिट धरली, मग हात थरथरायला लागला. ओठ चावून हसली. "ही तुमचीच, ताई. मला नाही झेपत." दादा चहा पीत बसला होता, म्हणाला, बायकोला व्यायामशाळेत घालतो. आई त्याच्यावर डाफरली.

मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते — बरं वाटलं. आणि तिला झेपणार नाही हे मला देण्याआधीच माहीत होतं.

११ मार्च, सोमवार

अहवाल झाला. शिफारस : थोरली. (अर्थात तिथे तिचं कंपनीचं नाव लिहिलंय.) कारणं पाच. पाचही खरी, एकेक पडताळून लिहिलेली. मग दर वाक्याला हात का अडत होता?

बाबा कालच म्हणाले होते की हलत्या बोटीत तीन पायांचं काही उभं राहत नाही, तिथे हातावरच धरावं लागेल. हे सहावं कारण. उलट्या बाजूचं. राहून गेलं.

राहून गेलं नाही. मी गाळलं.

नमुन्याचे फोटो जोडायचे होते. बारा जोडले, आणि मग तो. त्याच्याशिवाय नुसत्या पाठीच होत्या. खाली तक्ता — तारीख, वेळ, लेन्स, अंतर. "फोटो कोणी काढला" हा रकाना मी एरवी न चुकता आखते. आज पानावर जागा नव्हती.

जागा होती.

वेळ मात्र ११.१० च लिहिली. कार्डावर तीच आहे. खोटी वेळ माझ्या हातून लिहवत नाही! एवढं सगळं जमलं आणि ते जमलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

सरांनी अहवाल वरवर चाळला, फोटो काढून सगळ्या ऑफिसला दाखवला. म्हणाले, "दोन वर्षं हिला टेबलाशी बसवून ठेवलं, चूक माझी." बोटीवरची जागा माझी. तीन महिने. मी मान खाली घालून उभी होते, सगळ्यांना वाटलं लाजतेय.

घरी सांगितलं. सगळ्यांच्या आधी वहिनीला आनंद. थोरली मिळणार का, हे विचारलं. फोटोचं विचारलं नाही. तिने विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

१३ मार्च, बुधवार

थोरली घेऊन बाबांबरोबर बोटीत. वारा होता. ट्रायपॉड पहिल्याच लाटेला कलंडला, बाबांनी पायाने अडवला म्हणून लेन्स वाचली. मग हातावर धरली. खांदे भरून आले.

बुडबुडे बघितले. आज पहिल्यांदा. बारीक रेघ पाण्यावरून पुढे पुढे जाते आणि जिथे संपते तिथे डोकं येतं. बरोब्बर तिथेच येतं! प्रत्येक वेळी मला आधी कळलं. प्रत्येक वेळी तीन किलो वळेपर्यंत ते बुडालं.

बाबा वल्हं थांबवून म्हणाले, सूनबाई असती तर धाकटी घेऊन आली असती. वाईट हेतूने नाही म्हणाले. बाबांना वाईट हेतू ठेवताच येत नाही.

एकूण फोटो एकसष्ट. गळा एकही नाही.

१४ मार्च, गुरुवार

सरांनी अहवाल परत दिला. आता नीट वाचलेला. ११.१० भोवती पेन्सिलीने गोल, आणि समासात :

"सगळ्यात चांगला फोटो हलक्या लेन्सचा, शिफारस जड लेन्सची. का? आणि बुधवारी या वेळी तू माझ्यासमोर नकाशा आखत होतीस. मग बोटीत कोण होतं?"

तोंडाने म्हणाले, उद्या पूर्ण करून दे, एवढंच.

१५ मार्च, शुक्रवार

सहावं कारण लिहिलं. शिफारस बदलली — धाकटी, आणि बोटीवर ती धरायला माझ्या जागी दुसरी व्यक्ती. पट्टीने नवा रकाना आखला. पेन वहिनीपुढे धरलं.

"चुकलं तर, ताई?"

"नाही चुकणार. मी शिकवलंय."

तिने जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. रकाना मी अरुंद आखला होता. नाव समासात गेलं, पार सरांच्या पेन्सिलीपर्यंत. पोटात अजून दुखतंय. पान मात्र तसंच नेऊन दिलं.